अंडरग्राउंड कॉमिक्स आणि स्पेस रॉक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंडरग्राउंड कॉमिक्स म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेत १९५४ साली कॉमिक्स कोड आला. प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेली ही सेन्सॉरशिप होती. कोडचा शिक्का नसेल तर वितरक गठ्ठा उचलायचेच नाहीत. पोलीस, न्यायाधीश आणि सरकारी अधिकारी यांच्याविषयी अनादर वाटेल असं काही दाखवायचं नाही, इथपर्यंत त्यात नियम होते. साठच्या दशकात काही चित्रकारांनी या सगळ्या साखळीलाच वळसा घातला. स्वतः काढायचं, ओळखीच्या छोट्या प्रेसवर छापायचं आणि हेड शॉपमध्ये, म्हणजे चिलमी, पोस्टरं, उदबत्त्या विकणाऱ्या हिप्पी दुकानांत, ठेवायचं. आकार साधारण सात इंच बाय दहा इंच, आत वर्तमानपत्री कागदावर काळ्या शाईत ३२ पानं, वर रंगीत मुखपृष्ठ, मध्ये दोन पिना. इंग्रजी नावाच्या शेवटी ‘एक्स’ लावायची रीत याच मंडळींनी पाडली: आमचा माल वेगळा आणि मुलांसाठी नाही, हे दुकानातच कळावं म्हणून.

चित्रकार रॉबर्ट क्रम्बच्या ‘झॅप’ या कॉमिकचा पहिला अंक फेब्रुवारी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत निघाला. चार्ल्स प्लायमेल या कवीने तो आपल्या छोट्या ऑफसेट मशीनवर छापला आणि हेट स्ट्रीटवर बाबागाडीत ठेवून विकला गेला. किंमत २५ सेंट.

आणि स्पेस रॉक?

एक किंवा दोन कॉर्ड, आठ-दहा-पंधरा मिनिटं न सोडता. खाली बास आणि ड्रमचा तोच तो ठेका, वर इकोमध्ये भिजलेली गिटार, आणि सगळ्यातून सायरनसारखे चढत-उतरत जाणारे इलेक्ट्रॉनिक आवाज. तंबोरा ऐकत वाढलेल्या कानाला एक स्वर धरून ठेवण्याचं नवल वाटणार नाही. फरक इतकाच की तंबोरा एका जागी बसलेला असतो आणि इथे तो धरलेला स्वर ट्रकसारखा धावत असतो. सुरुवातीचा पिंक फ्लॉइड, मग हॉकविंड आणि गाँग ही तीन नावं पुरेशी आहेत. ओळखायची सोपी खूण: एकल वादन काढून टाका. तरीही गाणं उभं राहिलं तर स्पेस रॉक, कोसळलं तर दुसरं काहीतरी.

या दोघांचा संबंध खरा आहे, की दोन्हीकडे अंतराळ आणि नशा आहे म्हणून जुळवलेला?

अर्धा खरा, अर्धा जुळवलेला.

अमेरिकेतला संबंध पोस्टरांचा आहे. व्हिक्टर मोस्कोसो आणि रिक ग्रिफिन हे दोघे आधी सॅन फ्रान्सिस्कोच्या नाचाच्या हॉलसाठी पोस्टरं करत होते, ‘झॅप’मध्ये ते दुसऱ्या अंकापासून आले. ग्रिफिनने ग्रेटफुल डेड या बँडच्या ‘ऑक्सोमॉक्सोआ’ (१९६९) चं मुखपृष्ठ केलं, मोस्कोसोने स्टीव्ह मिलर बँडच्या पहिल्या तबकडीचं. पण हा सायकेडेलिक रॉक झाला, स्पेस रॉक नाही. क्रम्बला तर हे संगीतच आवडत नसे. तो १९२०च्या दशकातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांचा वेडा. जॅनिस जॉप्लिनच्या बँडसाठी त्याने ‘चीप थ्रिल्स’चं मुखपृष्ठ काढलं, तेवढ्यावरून त्याला या संगीताचा चित्रकार ठरवू नका.

खरा, हाताला लागणारा संबंध लंडनच्या लॅडब्रोक ग्रोव्ह भागात आहे, साधारण १९६९ ते १९७५. तिथे कॉमिक काढणारे, ते छापणारे, गाणी लिहिणारे आणि तबकड्यांची वेष्टनं करणारे लोक बऱ्याच वेळा तेच होते. विषय सारखा म्हणून दोन कला जवळ आल्या, असं नाही. गल्ली आणि टेबल सारखं, म्हणून विषय सारखे झाले.

लॅडब्रोक ग्रोव्हमध्ये कोण कोण होतं?

भाडं कमी आणि घरं पडकी, म्हणून सगळे. हॉकविंड १९६९ मध्ये इथेच जमला. पोर्टोबेलो रोडवर ‘फ्रेंड्झ’ या भूमिगत पत्राचा कारभार चाले आणि त्याच पत्त्यावर बार्नी बबल्स या रेखनकाराचा स्टुडिओ होता. ‘न्यू वर्ल्ड्स’ या विज्ञानकथा मासिकाचा संपादक मायकेल मूरकॉक याच भागात राहायचा. डेव्हिअंट्स बँडचा गायक मिक फॅरन ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या दुसऱ्या भूमिगत पत्रात लिहायचा, पुढे संपादनही करायचा. त्याच डेव्हिअंट्सच्या बाकीच्या वादकांतून पिंक फेअरीज निघाला, आणि तो हॉकविंडच्या बरोबर वेस्टवे या उड्डाणपुलाखाली फुकट कार्यक्रम करायचा.

‘इंटरनॅशनल टाइम्स’चं उद्घाटनच मुळी मैफलीने झालं: १५ ऑक्टोबर १९६६, लंडनचा राउंडहाउस हॉल, पिंक फ्लॉइड आणि सॉफ्ट मशीन. म्हणजे छापील कागद आणि हे संगीत पहिल्या दिवसापासून एका तिकिटावर होते.

हॉकविंडवर खरोखर कॉमिक निघालं होतं का?

हो. १९७१ मध्ये ‘फ्रेंड्झ’मध्ये ‘सॉनिक असॅसिन्स’ ही चित्रकथा आली. लेखन मूरकॉकचं, चित्रं जिम कॉथॉर्नची. बँडचे सदस्य त्यात ध्वनीची शस्त्रं वापरणारे वीर झाले आहेत. पुढे बँडच्या जाहिरातींत आणि चाहत्यांच्या बोलण्यात हीच प्रतिमा चिकटली. इथे क्रम लक्षात घ्यायला हवा. आधी प्रसिद्धी आणि मग त्यावर कॉमिक, असा हा प्रकार नव्हता. ‘सिल्व्हर मशीन’ हे गाणं ब्रिटिश यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेलं ते १९७२ मध्ये. कॉमिकने बँडला पुराणकथा दिली, पैसा नंतर आला. आणि त्या पैशावर ‘स्पेस रिच्युअल’चा दौरा उभा राहिला.

जाता जाता: हॉकविंडचा कवी रॉबर्ट कॅल्व्हर्टने ‘सिल्व्हर मशीन’ लिहिलं ते आल्फ्रेड जारी या फ्रेंच लेखकाच्या कालयंत्रावरच्या निबंधावरून, आणि त्याच्या मते त्या निबंधातलं यंत्र म्हणजे साधी सायकल. अर्धं जग ते अंतराळयान समजून नाचलं.

तबकडीचं वेष्टन हे कॉमिक कसं काय होऊ शकतं?

हॉकविंडच्या ‘इन सर्च ऑफ स्पेस’ (१९७१) ची मूळ प्रत हातात घेऊन बघा. पुढचा भाग मधोमध दातेरी कापलेला आहे. दोन पाळ्या एकमेकींत अडकलेल्या असतात, त्या सोडवल्या की वेष्टन दाराच्या झडपांसारखं उघडतं. आत २४ पानांची ‘हॉकविंड लॉग’ नावाची पुस्तिका. मजकूर कॅल्व्हर्टचा, मांडणी बार्नी बबल्सची. ही एका यानाची रोजनिशी आहे: हॉकविंड नावाचं यान द्विमितीच्या तावडीत सापडतं आणि सपाट होत जातं. आता वाचकाच्या मांडीवर काय आहे? एक सपाट, काळी, गोल चकती. कथेचा शेवट पानावर नाही, टर्नटेबलवर आहे. चौकटी आणि फुगे नसले तरी चित्र, मजकूर आणि पान उलटण्याचा वेळ यांनी गोष्ट सांगणं, हे काम कॉमिकचंच.

‘स्पेस रिच्युअल’ (१९७३) चं वेष्टन उलगडत गेलं की सहा चौरसांचं पोस्टर होतं. ‘वॉरियर ऑन द एज ऑफ टाइम’ (१९७५) चं उलगडलं की ढाल होते. पंचवीस मिनिटांची एक बाजू वाजत असताना हातांना आणि डोळ्यांना काम द्यायचं, हा यातला साधा व्यवहार. आज स्ट्रीमिंगवर ऐकणाऱ्याला हा संबंध कळत नाही, कारण त्याच्यापर्यंत अर्धीच कलाकृती पोचते.

मूरकॉकचं नाव सगळीकडे का येतं?

कारण त्याने आपलं एक पात्र वाऱ्यावर सोडून दिलं. जेरी कॉर्नेलियस हा त्याचा काळातून भटकणारा, कपड्यांचा शौकीन हेर. इतरांनी तो खुशाल वापरावा, असं मूरकॉकने जाहीर केलं होतं. ‘इंटरनॅशनल टाइम्स’मध्ये त्याची चित्रमालिका आली, माल डीन आणि रिचर्ड ग्लिन जोन्स यांनी काढलेली. फ्रान्समध्ये मोबियस या चित्रकाराने ‘मेताल युर्लां’ मासिकात ‘हर्मेटिक गॅरेज’ सुरू केलं आणि त्यात जेरी कॉर्नेलियस आला. पुढच्या आवृत्त्यांत त्याचं नाव बदललेलं दिसतं, गोंधळू नका. ब्रिटिश चित्रकार ब्रायन टॅलबटच्या ल्यूथर आर्कराइट या कॉमिकमध्येही (१९७८पासून) कॉर्नेलियसचं रक्त आहे. त्याआधी टॅलबटने १९७५ मध्ये ‘ब्रेनस्टॉर्म’ काढलं होतं. त्याची प्रकाशक अल्केमी, म्हणजे पुन्हा पोर्टोबेलो रोडवरचंच हेड शॉप. आणि हाच मूरकॉक हॉकविंडसाठी शब्द लिहीत होता, मंचावर उभा राहून म्हणतही होता.

फ्रेंच ‘मेताल युर्लां’ला अंडरग्राउंड म्हणायचं का?

काटेकोरपणे नाही. चांगला कागद, रंग, दुकानांत रीतसर वितरण. पण १९७५च्या पहिल्या अंकापासून त्याने अंडरग्राउंडचं स्वातंत्र्य आणि स्पेस रॉकचा आवाका एकत्र आणला. फिलिप द्रुइयेची दोन-दोन पानभर पसरलेली मंदिरासारखी यानं आणि मोबियसचं ‘आर्झाक’, ज्यात एकही शब्द नाही, ही लांबलचक वाद्यसंगीताला कागदावर मिळालेली सगळ्यात जवळची जोड आहे. द्रुइयेचं पान बघताना आधी मधलं मोठं चित्र बघा, मग कडेच्या नक्षीतल्या छोट्या चौकटी. डावीकडून उजवीकडे वाचत सुटलात तर हमखास चुकाल.

पिंक फ्लॉइड आणि डॉक्टर स्ट्रेंज: अफवा की खरं?

खरं. ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ (१९६८) च्या मुखपृष्ठावर जे अनेक थर एकमेकांत मिसळले आहेत त्यात मार्व्हलच्या ‘स्ट्रेंज टेल्स’ (डॉक्टर स्ट्रेंज या जादूगाराच्या गोष्टी छापणारं कॉमिक) अंक १५८ मधलं चित्र आहे, मारी सेव्हरिनने काढलेलं. अंधुक आहे, डावी-उजवी बाजू उजेडात धरून शोधावं लागतं. त्याच्या आधी, १६ ऑक्टोबर १९६५ ला, सॅन फ्रान्सिस्कोच्या लाँगशोरमन्स हॉलमध्ये फॅमिली डॉग या मंडळींनी जो नाच भरवला त्याचं नावच डॉक्टर स्ट्रेंजच्या नावे वाहिलेलं होतं. म्हणजे भूमिगत कॉमिक्सच्या आधी या लोकांच्या हातात कोडचा शिक्का असलेलं, दुकानातलं साधं कॉमिकच होतं. १९७४च्या हिवाळी दौऱ्यात पिंक फ्लॉइडने कार्यक्रमपत्रिकाच मुलांच्या कॉमिकच्या धाटणीत छापून विकली.

गाँगच्या वेष्टनांवरची ती टोकदार टोप्यांची बुटकी माणसं कुणी काढली?

डेव्हिड ॲलनने, म्हणजे बँडच्या म्होरक्यानेच. ‘फ्लाइंग टीपॉट’, ‘एंजेल्स एग’ (दोन्ही १९७३) आणि ‘यू’ (१९७४) या त्रयीत एकच गोष्ट चालते, तिची पात्रं त्याने आधी वहीत खरडलेली. रेघ शिकाऊ आहे, हे मान्यच. पण गाणारा, लिहिणारा आणि काढणारा हात एक असल्यामुळे चित्र आणि संगीत यांत इथे अजिबात फट नाही.

या प्रकाशनांवर खटले झाले होते ना?

अनेक. लंडनमध्ये ‘ऑझ’ या भूमिगत मासिकाचा १९७१चा खटला गाजला. कॉमिक्सच्या दृष्टीने महत्त्वाचा मात्र जानेवारी १९७३चा, ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयातला. ‘नॅस्टी टेल्स’ या ब्रिटिश अंडरग्राउंड कॉमिकवर अश्लीलतेचा आरोप होता आणि आरोपींत मिक फॅरन आणि चित्रकार एडवर्ड बार्कर होते. ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. लगेच त्यांनी खटल्याचंच कॉमिक काढलं, त्याचं मुखपृष्ठ डेव्ह गिबन्सचं. अमेरिकेत त्याच वर्षी मिलर विरुद्ध कॅलिफोर्निया या निकालाने ‘स्थानिक समाजाची मापं’ आणली. मग कुठल्या गावात कोणता अंक पकडला जाईल याचा नेम राहिला नाही, आणि दुकानदारांनी अंक ठेवणंच कमी केलं. चित्रकार संपले नव्हते, काउंटर संपले.

यात बायकांविषयी जे आहे ते वाचवत नाही. सगळंच असं आहे का?

बरंच आहे, आणि ‘तो काळच तसा होता’ ही सबब पुरत नाही, कारण त्याच काळात चित्रकार ट्रिना रॉबिन्स तोंडावर बोलत होती. १९७० मध्ये तिने आणि बार्बरा ‘विली’ मेंडेस हिने मिळून पूर्णपणे स्त्रियांनी काढलेलं पहिलं कॉमिक केलं, १९७२ पासून ‘विमेन्स कॉमिक्स’ सुरू झालं. विली मेंडेसची पानं तर शुद्ध सायकेडेलिक आहेत. क्रम्ब आणि ‘झॅप’मधलाच एस. क्ले विल्सन यांच्यापासून सुरुवात करायलाच हवी असं काही नाही. मोस्कोसो, ग्रिफिन, मेंडेस, द्रुइये या वाटेनेही आत जाता येतं.

हे काढण्यासाठी नशा करावी लागते का?

नाही. क्रम्बने १९६५-६६ मधल्या एलएसडीच्या अनुभवांतून पात्रं सुचल्याचं सांगितलं आहे, पण शाईची रेघ मारायला स्थिर हात आणि चार-पाच तास बैठक लागते. आपल्याकडे एनडीपीएस कायदा १९८५ पासून आहे, तोही लक्षात ठेवा.

पानभर एका रंगातून दुसऱ्या रंगात वितळणारी ती छपाई कशी करायचे?

याला स्प्लिट फाउंटन म्हणतात. ‘ऑझ’ आणि सॅन फ्रान्सिस्कोचं भूमिगत पत्र ‘ऑरॅकल’ यांनी ही युक्ती भरपूर वापरली. ऑफसेट मशीनच्या शाईच्या पन्हळीत एरवी एकच रंग असतो. इथे पन्हळीत दोन-तीन आडव्या पाचरी बसवून कप्पे करतात आणि प्रत्येकात वेगळी शाई भरतात. मशीनचे काही रूळ फिरता फिरता बाजूलाही सरकतात, त्यामुळे कप्प्यांच्या सीमेवर शाया मिसळतात. एका प्लेटच्या, एका फेरीच्या खर्चात इंद्रधनुष्य.

कुठलाही मिनी ऑफसेटवाला हे करू शकतो, पण आधी बोलून घ्या, कारण शेवटी रूळ धुवायचं काम वाढतं. बिघडतं ते असं:

शेजारचे रंग चुकतात. पिवळा-लाल मध्ये नारिंगी देतो, पिवळा-निळा हिरवा देतो. लाल-हिरवा चिखल देतो.

छपाई लांबते. काही शे प्रतींनंतर मिसळलेला पट्टा रुंद होत जातो आणि मूळ रंग मरतात. मशीन थांबवून रूळ धुवा. रूळांचं आडवं सरकणं कमी करता येत असेल तर आधीच करा.

चित्र चुकीच्या दिशेने लावलं जातं. पट्टे नेहमी कागद ज्या दिशेने धावतो त्याच दिशेने पडतात. तिरपा किंवा गोल पट्टा या पद्धतीत होत नाही, म्हणून प्लेट करण्यापूर्वी कागदाची दिशा विचारा.

आणि फिकट पिवळ्या पट्ट्यावर बारीक मजकूर नको. ‘ऑझ’ची कित्येक पानं आजही वाचता येत नाहीत, आणि ते दरवेळी हेतुपुरस्सर होतं असं नाही.

रंग थरथरल्यासारखे दिसतात, ते कसं?

मोस्कोसो येल विद्यापीठात योझेफ आल्बर्सच्या हाताखाली शिकला होता, तिथे ‘करू नका’ म्हणून शिकवलेलं त्याने पोस्टरांत मुद्दाम केलं. परस्परविरोधी दोन रंग घ्यायचे, लाल-हिरवा किंवा निळा-नारिंगी, पण दोघांचा उजळपणा सारखा ठेवायचा. डोळा कड शोधताना रंगाच्या फरकापेक्षा उजेडाच्या फरकावर जास्त अवलंबून असतो. तो फरकच नसला की कड स्थिर होत नाही. तपासायची पद्धत: चित्र संगणकावर ग्रेस्केल करा. दोन रंगांमधली सीमा गायब झाली तर छापल्यावर थरथर येईल. मध्ये काळी रेघ घातलीत की सगळा परिणाम संपला. कॉमिकवाल्यांचा हात सवयीने काळी रेघ मारतो, तिथेच घोळ होतो.

अशी वितळलेली अक्षरं देवनागरीत जमतात का?

जमतात, रोमनपेक्षा वेगळ्या अडचणी येतात इतकंच. सॅन फ्रान्सिस्कोचा पोस्टरकार वेस विल्सन याने ही अक्षरं व्हिएन्नाच्या चित्रकार आल्फ्रेड रोलरकडून उचलली. मूळ कल्पना अशी की अक्षरांनी एक आकार गच्च भरायचा आणि मधल्या फटी सगळीकडे सारख्या ठेवायच्या. देवनागरीत शिरोरेषा हीच वरची कड म्हणून वापरता येते: ती लाटेसारखी वाकवा आणि अक्षरं खाली लोंबू द्या.

क्रम असा ठेवा. आधी बाहेरचा आकार पेन्सिलीने. त्यात शिरोरेषा, आकाराच्या उंचीच्या साधारण एक-चतुर्थांश खाली, म्हणजे वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना वर जागा राहते. मग उभे दंड, ते सगळ्यात जाड. शेवटी पोटं. फटी दीड मिलिमीटरच्या आत नेऊ नका, झेरॉक्समध्ये भरून जातात. अनुस्वार नक्षीत हरवतो आणि ‘रग’ आणि ‘रंग’ एकच होऊन बसतात, म्हणून तो मोकळ्या जागेतच ठेवा. तयार झाल्यावर कुणालातरी तीन मीटरवरून वाचायला सांगा. दहा सेकंदांत लागलं तर ठीक, लगेच लागलं तर अजून वितळवा.

१६ पानांचं कॉमिक कमी खर्चात कसं करायचं?

ए-५ आकार, ए-४चे चार कागद, दोन्ही बाजूंनी छापलेले. पानांची जोडी लावताना बेरीज नेहमी १७ यायला हवी: पहिल्या कागदावर १६-१ आणि मागे २-१५, दुसऱ्यावर १४-३ आणि ४-१३, तिसऱ्यावर १२-५ आणि ६-११, चौथ्यावर १०-७ आणि ८-९. मशीनवर दोन्ही बाजूंची छपाई ‘छोट्या कडेवर उलटा’ अशी लावा, नाहीतर मागची पानं उलटी पडतील.

मूळ चित्र दीडपट काढा: २२२ बाय ३१५ मिलिमीटर, म्हणजे ए-३ कागद लागेल. छापताना ते सुमारे ६७ टक्क्यांवर येतं आणि हाताची थरथर झाकली जाते. पण ०.३ची रेघ ०.२ होते, त्यामुळे त्याहून बारीक पेन नको. स्कॅन शुद्ध काळं-पांढरं, किमान ६०० डीपीआय. ठिपक्यांची छटा वापरली असेल तर १२००. ठिपके ग्रेस्केलमध्ये स्कॅन केले की छापताना त्यांवर जाळीदार लाटा उमटतात. त्या सायकेडेलिक वाटतील, पण त्या तुमच्या नसतील.

आतला कागद ८० जीएसएम मॅपलिथो, वेगळं मुखपृष्ठ हवं असेल तर १७० जीएसएम. फुग्यातला मजकूर कडेपासून १० मिलिमीटर आत. मधल्या पानाची घडी आधी नखाने नाही, पट्टीने पाडा, मग सेंटर पिन दोन, शेवटी कटिंग. कटिंग आधी केलंत तर आतली पानं बाहेर डोकावतात.

आणि मूळ चित्रांच्या प्रती आधीच काढून ठेवा. ‘झॅप’साठी क्रम्बने सगळ्यात आधी केलेला अंक प्रकाशकाबरोबर बेपत्ता झाला. फोटोकॉपी होत्या म्हणून तो वाचला, आणि नंतर शून्य क्रमांकाने छापला गेला. त्या कॉपीत भरीव काळा भाग उतरला नव्हता, तो क्रम्बला पुन्हा भरावा लागला.

कार्यक्रमात मागे फिरणारे ते द्रवाचे रंग घरी करता येतील का?

जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर मिळाला तर येतील. भिंतीवरच्या घड्याळांच्या दोन फुगीर काचा घ्या, एक थोडी लहान. मोठीत १०० मिली पाणी आणि खाण्याचा रंग. त्यावर ५० मिली लिक्विड पॅराफिन, केमिस्टकडे मिळतं, त्यात मेणबत्तीचा रंग विरघळवलेला. लहान काच वर ठेवून ठेक्यावर दाबा.

नेहमीची चूक म्हणजे तेलातही खाण्याचा रंग घालणं. तो तेलात विरघळत नाही, तळाशी दाणे होऊन बसतो. काचेला साबण राहिला असेल तर तेल-पाण्याचं ताक होतं. दिव्याच्या उष्णतेने वीसेक मिनिटांत बुडबुडे बारीक होऊ लागतात, म्हणून दोन जोड्या तयार ठेवा. स्पिरिट किंवा थिनर दिव्याजवळ अजिबात नको, आग लागेल. हॉकविंडबरोबर ‘लिक्विड लेन’ या नावाने हे काम करणारं एक अख्खं पथक असे, आणि लंडनच्या यूएफओ क्लबमध्ये हेच मार्क बॉइल करायचा.

हॉकविंडचे ते सायरनसारखे आवाज कोणत्या कीबोर्डचे?

कीबोर्डचे नव्हेतच. बँडमधला डिक मिक प्रयोगशाळेत वापरतात तसा ऑडिओ जनरेटर वाजवायचा: एक डायल, तो फिरवला की स्वर चढतो-उतरतो. तो इकोत सोडायचा. त्याचा साथीदार डेल डेटमारकडे व्हीसीएस-३ होता, १९६९चा ब्रिटिश सिंथेसायझर. त्यावर तारांऐवजी छिद्रांची चौकट असते, खिळे खोचून आवाजाचा रस्ता जोडायचा.

फोनवरचं टोन जनरेटरचं कुठलंही फुकट ॲप आणि एक डिले पेडल एवढ्यावर जवळपास पोचता येतं. साधी साइन लहर, १०० ते ३००० हर्ट्झमध्ये हळू फिरवायची, डिले ४०० मिलिसेकंद, फीडबॅक निम्म्यापर्यंत. फीडबॅक फार वाढवला की आवाज स्वतःवरच चढत जातो आणि थांबत नाही, हात व्हॉल्यूमवर असू द्या. ४० हर्ट्झच्या खाली छोट्या स्पीकरचा पडदा फाटू शकतो.

डेव्हिड ॲलनची ग्लिसांडो गिटार याहून सोपी. गुळगुळीत धातूचा १०-१२ सेंटीमीटरचा दांडा तारांवर अगदी हलका, आडवा घासायचा, भरपूर इको लावून. त्याने शस्त्रक्रियेच्या जुन्या उपकरणांचे दांडे वापरले. दांड्यावर आटे किंवा ओरखडे असतील तर फक्त खरखर येते.

महाराष्ट्राशी किंवा गोव्याशी याचा काही धागा आहे का?

कॉमिक्सचा थेट नाही. पण अमेरिकन कवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईत होता, आणि १९६३ मध्ये भारतातून परतल्यावर सॅन फ्रान्सिस्कोत तो राहिला चार्ल्स प्लायमेलच्या घरी. हाच प्लायमेल पाच वर्षांनी ‘झॅप’ छापतो. मुंबईत त्या सुमारास ‘शब्द’ आणि पुढे ‘असो’ यांसारखी लघुनियतकालिकं स्वतः काढायची धडपड चालू होती. वृत्ती एक, पण इथून तिथे काही गेलं असं म्हणायला आधार नाही.

गोव्याचा धागा पक्का आहे. लॅडब्रोक ग्रोव्हमध्ये हॉकविंडच्याच वर्षी, १९६९ मध्ये, क्विंटेसन्स नावाचा बँड उभा राहिला. त्याचा बासरीवाला राजा राम, ऑस्ट्रेलियन. तोच पुढे नव्वदच्या दशकात गोवा ट्रान्स या नाचाच्या संगीताच्या टिप रेकॉर्ड्स कंपनीचा एक संस्थापक झाला. गाँगचा गिटारवादक स्टीव्ह हिलेज याच काळात सिस्टम ७ हा बँड घेऊन नाचाच्या संगीतात शिरला. हणजुणेच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतले चमकणारे कापडी पडदे बघितले असतील तर ‘झॅप’ची मुखपृष्ठं ओळखीची वाटतील.

सुरुवात कुठून करू?

ऐकायला ‘स्पेस रिच्युअल’, पूर्ण, एका बैठकीत. वाचायला ‘ऑझ’: लंडन आणि सिडनी दोन्ही आवृत्त्या वॉलनगाँग विद्यापीठाने स्कॅन केल्या आहेत. द्रुइयेचं ‘लोन स्लोन’ इंग्रजीत पुन्हा निघालं आहे. ‘झॅप’चा पाच खंडांचा संच २०१४ मध्ये आला, महाग आहे, ग्रंथालय गाठा.

‘झॅप’चा पहिला अंक पहिल्या छपाईचा आहे हे कसं ओळखायचं?

मागच्या मुखपृष्ठावर छापणारा म्हणून चार्ल्स प्लायमेलचं नाव असलं पाहिजे आणि किंमत २५ सेंट. ३५ किंवा ५० सेंट असेल तर नंतरची छपाई. हॉकविंडच्या तबकड्या घेताना ‘लॉग’ पुस्तिका आत आहे का आणि कापलेल्या पाळ्या शाबूत आहेत का, हे आधी विचारा. विक्रेते फोटोत तेवढंच टाळतात.

परदेशातून मागवलं तर कस्टम्समध्ये अडकेल का?

अडकू शकतं. अश्लील छापील मजकुराच्या आयातीवर १९६४ पासून मनाई आहे आणि ठरवणारा माणूस पाकीट उघडून समोर येईल ते पान बघतो. मोबियस, द्रुइये यांना सहसा अडचण येत नाही. एस. क्ले विल्सनचं काही मागवू नका.

पावसाळ्यात हे अंक कसे सांभाळायचे?

वर्तमानपत्री कागदात लिग्निन आणि आम्ल असतं, तो आपोआप पिवळा आणि ठिसूळ होतो. ओलीने वेग वाढतो आणि पिनांचा गंज कागदात उतरतो. पॉलिप्रॉपिलीनची पिशवी, मागे आम्लमुक्त पुठ्ठा, उभं ठेवायचं. पीव्हीसीची मऊ पिशवी नको, ती शाई ओढून घेते. लॅमिनेशन नको, सेलोटेप तर नकोच. कोकणात आणि मुंबईत बंद डब्यात सिलिका जेल ठेवा आणि ते जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी भाजून परत टाका. गंजलेली पिन ओढून काढू नका: आतल्या बाजूने तिचे पाय चमच्याच्या दांड्याने सरळ करा, मग बाहेरून उचला, आणि त्याच भोकांतून सुती दोरा घाला.